एक जूनची मुलं

आमच्या आश्रमशाळेच्या रजिस्टरातल्या दोनशे एकतीस मुलांपैकी एकशे चार मुलं एक जूनला जन्मलेली आहेत. यात चमत्कार काही नाही. त्यांतल्या बहुतेकांची तारीख माझ्या अक्षरात आहे.

वेवजीच्या पुढे, जिथून गुजरातची हद्द चालत वीस मिनिटांवर आहे, तिथे मी बावीस वर्षं लिपिक आहे. पहिलीच्या दाखल्याला आई पोराला घेऊन टेबलासमोर उभी राहते. मी विचारते, जन्म कधीचा? ती सांगते, "भाताच्या आवणीत झाला." नाहीतर, "बाबल्याचा बैल मेला ना, त्याच्या आदल्या दिवशी." जनरल रजिस्टरात बैलाचा रकाना नाही. मग मी एक जून टाकते. सगळ्याच शाळा टाकतात. मी मात्र टाकताना मनात देवाचं नाव घ्यायची, म्हणजे पोराचं भलं होईल. आईला आणखी एखादा प्रश्न विचारला असता तरी झालं असतं, पण ते कधी सुचलं नाही.

माझे नेम बरेच आहेत. पहाटे तुळशीला पाणी, मग वहीत एकशे आठ वेळा नाम लिहायचं, त्याशिवाय डहाणूहून सुटणाऱ्या जीपमध्ये पाय ठेवायचा नाही. सोमवार, एकादशी आणि संकष्टी. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत मौनही असतं. हा नियम कुठल्या पोथीत नाही, माझा मीच घालून घेतला आहे. त्या दिवशी गळ्यात पाटी अडकवून बसते. आमचे मुख्याध्यापक दीपेश सर म्हणतात, "हिरकणीबेन, तुम्ही एरवी इतकं हळू बोलता की मौनाच्या दिवशीच तुमचं नीट कळतं. निदान पाटीवर वाचता येतं."

त्यांनीच गेल्या दिवाळीआधी विषय काढला. दर महिन्याला वरून कुठला ना कुठला अहवाल मागतात आणि दर वेळी चार रजिस्टरं उलटायला लागतात. मुलांची माहिती संगणकावर भरून बटण दाबलं की अहवाल निघावा, असं काही करता येईल का? मी हळूच म्हटलं, "मी शिकले आहे." डहाणूला तीन महिन्यांचा वर्ग केला होता, प्रमाणपत्र देवघरात आहे.

चांगला दिवस पाहून सुरुवात केली. संगणकाला हळदकुंकू वाहिलं. नारळ बाहेर ओट्यावर फोडला. पाणी कीबोर्डवर जाऊ नये एवढी अक्कल होती. पहिला अहवाल निघेपर्यंत चहा घ्यायचा नाही असा नेमही केला.

आता डेटाबेसचं एक असतं. कोणता विद्यार्थी कोणता, हे त्याला कशावरून ओळखायचं ते आधी सांगावं लागतं. डहाणूच्या त्या वर्गात शिकवणारी निधी म्हणाली होती, "मावशी, ओळखीला नेहमी नंबर घ्या. जनरल रजिस्टरचा नंबर एकाचा एकच असतो." मला ते पटलं नाही. नंबर जीपला असतो. मी नाम लिहिणारी बाई. माझ्या मते माणसाची ओळख नावातच असायला हवी. म्हणून मी नियम केला की नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळली तर तो एकच विद्यार्थी समजावा आणि नवी नोंद जुनीच्या जागी बसवावी. बापाचं नाव घेतलं नाही, कारण आमच्या रजिस्टरात एकच बाप एका पानावर सुक्या, दुसऱ्यावर सुकऱ्या आणि तिसऱ्यावर सुकूर असतो.

नवव्या दिवशी अहवाल निघाला. सोडून गेलेली धरून दोनशे एकतीस नावं भरली होती, आली दोनशे चौदा. चहा न मिळाल्याने माझं डोकं इतकं दुखत होतं की मी आधी दोन कप चहा घेतला आणि मग विचार केला. विचारान्ती दीपेश सरांना सांगितलं, "सतरा दुबार नोंदी निघाल्या."

"बावीस वर्षांत कोणाला सापडल्या नाहीत त्या," सर म्हणाले. "शाबास, बेन."

मी त्या रात्री देवापुढे जास्तीची वात लावली.

जुलैतल्या संकष्टीला साडेबाराच्या सुमारास शुक्री वरठा आली. आवणीतून थेट आली होती, पायांना पोटऱ्यांपर्यंत चिखल. तिची वर्षा आमच्याकडून दहावी पास झाली. डहाणूच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच पुढे शिकणार, नाहीतर कारखान्यात जाणार, हे शुक्रीने आधीच सांगितलं होतं. अर्जाला शाळेचा तीन वर्षांचा अहवाल जोडायचा होता. तो मीच दोन दिवसांपूर्वी न वाचताच छापून, सरांची सही घेऊन, घडी घालून दिला होता.

शुक्रीने ती घडी टेबलावर ठेवली.

"बाय, हे परत दिलान. पोरीने जीपवाल्याच्या हाती धाडलं. माझी पोर शाळेत येतच नव्हती सांगतात. शाळा सोडली सांगतात."

मी कागद उलगडला. वर्षा वरठा, जन्म एक जून, हजेरी एकतीस टक्के, नववीतून शाळा सोडली.

"आज पाचला अर्ज घ्यायचं बंद होतंय," शुक्री म्हणाली. "माझी वर्षा तिथंच बसलीय, दारात. माझ्या पोरीने तीन वर्षांत सहा दिवस खाडा केला. तिला ताप होता तेव्हा मीच सांगायला आलेली तुम्हाला."

आता माझ्या लक्षात आलं. वरठ्यांच्या त्या पाड्यात वर्षा दोन होत्या. दोघींचं आडनाव एक, गाव एक, आणि दोघींना एकाच दिवशी जन्माला घालणारी मी. दुसरी वर्षा दोन वर्षांपूर्वी घरच्यांबरोबर कामाला वापीला गेली. तिची नोंद मी नंतर भरली, आणि माझ्या नियमाने ती आज्ञाधारकपणे हिच्या डोक्यावर जाऊन बसली. माझी सतरा दुबार मुलं म्हणजे जितीजागती सतरा मुलं होती.

मौन होतं. पाटी ओढून मी लिहिलं, 'संगणकाची चूक झाली.'

शुक्रीने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला वाचता येत नाही, हे मला पंधरा वर्षं ठाऊक आहे. दीपेश सर आतून आले आणि त्यांनी वाचून दाखवलं, "बेन म्हणतात, संगणक चुकला."

"त्याच्यात भरलं कोणी?" शुक्रीने विचारलं.

सर माझ्याकडे बघायला लागले. चंद्रोदयाला अजून नऊ तास होते.

"मी," मी म्हटलं.

"ऐकू नाय आलं, बाय."

"मी भरलं. चूक माझी आहे." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते व्हरांड्यातही ऐकू गेलं. बाहेरची मुलं खिडकीशी गोळा झाली. त्यांनी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला असावा.

सर म्हणाले, "चालो, आता भरून टाका हिची माहिती परत. ती दुसरी पुसली जाईल, जाऊ दे. ती वापीला गेली, तिला कोण विचारतंय?"

खरं सांगते, माझं बोट बटणावर होतं. दहा मिनिटांचं काम होतं.

"ती माझ्या दिराची पोर," शुक्री म्हणाली. "तिचं नका पुसू. दिवाळीला येतील ती लोकं. आली तर बसेल परत शाळेत."

मग मी वर्गाची वही काढली. निधीने सांगितलेलं पान सापडलं. समासात मी तेव्हा 'नंबर नको' असं लिहून ठेवलं होतं. ओळखीचा नियम काढून तिथे रजिस्टरचा नंबर बसवताना मी तीनदा चुकीचं बटण दाबलं, तेव्हा शुक्रीने विचारलं, "बाय, उपास हाय का?" मग कपाटातून लाल फडक्यात बांधलेली रजिस्टरं उतरवली. अक्षय्य तृतीयेला त्यांची पूजा करून, आता तुमचं काम नाही असं सांगून मीच ती वर ठेवली होती. सर वाचत गेले, मी दोन बोटांनी भरत गेले. तीन वर्षांची हजेरी, गुण. खरोखर सहाच खाडे निघाले.

शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर वर्षा वरठा आली आणि तिच्या खाली वर्षा वरठा. शुक्रीला अक्षरं वाचता येत नव्हती, पण दोन ओळी एकसारख्या आहेत हे तिला दिसलं.

"दोघी?" तिने विचारलं.

"दोघी," मी म्हटलं.

रोज सकाळी मी एकच नाव एकशे आठ वेळा लिहिते आणि त्यातलं एकही जास्तीचं समजत नाही. हे मला तेव्हा, दुपारी दोन वाजता, उपाशीपोटी सुचलं. आधी सुचलं असतं तर तिचा हेलपाटा वाचला असता.

मी तिच्याबरोबर जीपने गेले. एरवी मी जीपमध्ये जप करते. त्या दिवशी ड्रायव्हरला तीनदा म्हटलं, जरा लवकर. वर्षा वसतिगृहाच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. खिडकीतल्या माणसाने जुना कागद पाहिला, नवा पाहिला आणि विचारलं, "यातला खरा कुठला?"

"हा," मी म्हटलं, "आणि तो चुकीचा मी छापला." एका दिवसात दुसऱ्यांदा. त्याने शिक्का मारला तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती.

बाहेर आल्यावर मी शुक्रीला इतक्या वर्षांनी विचारलं, "हिचा जन्म खरा कधीचा गं?"

"महालक्ष्मीची जत्रा उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्हाला सांगितलेलं मी तेव्हा," ती म्हणाली. "तुम्ही मान हलवलीत, मला वाटलं लिहिलंत."

वर्षा हसू दाबत होती. मीही खाली बघून माझी पाटी पिशवीत घातली.

उरलेली सोळा मुलंही परत आणायची होती. रोज नाम लिहून झालं की रजिस्टर काढून एक मूल भरायचं आणि शक्य असेल तर त्याच्या आईला गाठून एक प्रश्न जास्तीचा विचारायचा, असा नवा नेम घेतला आहे. आज सातवं मूल झालं. मोडलेल्या मौनाबद्दल हे देवाला चालेल की नाही, माहीत नाही. दीपेश सरांना चालतं. फक्त या नेमात चहा सोडलेला नाही.