चटईची वाट पाहणारी वही

मित्रांनो, मी निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. माझा जन्म शाळेच्या मुलांसाठी झाला होता. पण ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनजवळच्या एका दुकानातून लागी नावाच्या बाईने मला उचललं आणि मी मांसाच्या कारखान्यात नोकरीला लागले. लागी तिथे खोकी भरायची. मी तिच्या डब्याच्या पिशवीत, उकडलेल्या तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या वासात राहायचे.

तिला पाचवा महिना लागला आणि माझं खरं काम सुरू झालं. मुकादम इओसेफो तिच्यासारखाच सामोआ बेटांवरून आलेला, चर्चमधला मानाचा माणूस. तरी सगळ्यांसमोर म्हणायचा, "दोन जिवांची बाई जेवते दोघांचं, काम करते अर्ध्याचं." जेवणाच्या सुट्टीत लागी तारीख, वेळ, ऐकणाऱ्यांची नावं माझ्यात लिहायची. मला फार अभिमान वाटायचा. एका सोमवारी तो म्हणाला, "पोट घेऊन इथे जमायचं नाही. उद्यापासून येऊ नकोस." तेही तिने लिहिलं.

घरी तिने मला फातूमामांपुढे ठेवलं. "मामा, मी तक्रार करते. यात सगळं आहे."

"कर की. पण आधी त्याला येऊ दे," मामा म्हणाले. "आपल्यात चुकलेला माणूस माफी मागायला चटई पांघरून दाराशी बसतो. तू आधीच सरकारदरबारी गेलीस, तर तो कुठल्या तोंडाने येणार?"

"आणि नाही आला तर?"

"येईल. त्याच्या बापाला ओळखतो मी."

लागीने मला कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं. रोज ती दारापुढची जागा झाडायची, तो आवाज मला ऐकू यायचा. मी काय करणार? वहीला तोंड नसतं.

नोकरी गेल्यापासून तेविसाव्या दिवशी इओसेफो खरंच आला. बारीक विणीची चटई डोक्यावर घेऊन भर उन्हात बसला. मामांनी चटई काढून त्याला उठवलं. सगळे रडले. मग लागीने विचारलं, "दादा, आता सोमवारी येऊ ना कामावर?"

"ते माझ्या हातात नाही गं. वरच्यांनी तुझ्या जागी दुसरी घेतली."

तेव्हा कुठे मी पेटीबाहेर आले. मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंनी मला हातात घेतलं, पण उघडलं नाही. "कामावरून काढलं कधी?" त्यांनी विचारलं आणि बोटांवर दिवस मोजले. "नोकरी परत मागायचा अर्ज एकवीस दिवसांत करावा लागतो. उशिराचं कारण काय लिहू?"

"माफीची वाट बघत होतो," मामा म्हणाले.

त्यांनी तसंच लिहिलं. अर्ज ऐकणाऱ्या सरकारी कामगार आयोगाला ते कारण पटलं नाही. बाई म्हणाल्या, "भेदभावाची वेगळी तक्रार अजून करता येईल."

लागीने मामांकडे पाहिलं. मामांची मान खाली होती. "चटई घेतली आपण, माफ केलं त्याला," ते म्हणाले. "आता त्याचं नाव काढता येत नाही, पोरी. चुकलो मी."

लागीची मुलगी आता दोन वर्षांची आहे. चित्रं काढायला मला मागते. लागी देत नाही, पुन्हा कापडात गुंडाळते.

मित्रांनो, वस्तू जपून ठेवा असं तुम्हाला नेहमी सांगतात. माझं मागणं उलटं आहे. अशी वही तुमच्या घरी असेल, तर तिला आजच बाहेर काढा आणि दिवस मोजा. लागीने मला फार जपलं. माझ्यावर एक डाग नाही, आणि माझं एकही पान अजून कुणी वाचलेलं नाही.