किल्ली माझ्या कमरेला

गाडीने चढावर तिसऱ्यांदा मान टाकली तेव्हा मी सूनबाईवर डाफरले, "दाब ना पाय! खाल्लेलं जातं कुठे तुझं?"

"दाबलाय, आई. पार तळाला टेकलाय."

खोटं नव्हतं. इंजिन नुसतं घुमत होतं आणि गाडी चालत्या माणसाच्या मागे पडत होती. मागचा ट्रक भोंगा वाजवून कान किटवत होता. शेवटी सूनबाईने पहिल्या गिअरमध्ये कशीबशी गाडी कडेला घेतली.

मागच्या सीटवर हे होते, उशांना टेकवून बसवलेले. आडवं केलं की श्वास कोंडायचा. दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकलेत, आठवड्यातून दोनदा डोंगरापलीकडच्या इस्पितळात मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं. यांना घरी आणल्यावरची पहिलीच पाळी, मंगळवारची, बुडाली, कारण याच गाडीने याच चढावरून आम्हाला परत पाठवलं. तीन दिवसांत यांचे पाय खांबासारखे सुजले आणि आज सकाळपासून छातीत घरघर. मशीन एक वाजता मिळणार होतं. आपण नाही पोहोचलो तर ते पुढच्या माणसाला. बारा वाजून गेले होते. रुग्णवाहिकेला फोन केला, तर म्हणे तीन तास लागतील. तीन तास यांच्याकडे होते की नाही, कोण जाणे.

गॅरेजवाल्याने, त्याला सगळे चष्माच म्हणतात, बुधवारी प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, हवेच्या फिल्टरचा डबा उघडून "हा तर कोरा करकरीत आहे" म्हणून मिटला आणि चौकापर्यंत फेरी मारून आला. "काकू, झकास पळते." सपाटीवर काय, या गुडघ्यांनी मीही पळते! मग मी सगळं खापर सूनबाईवर फोडलं. हिचा हात जड, हिला गाडी कळत नाही, हिच्या माहेरी सायकल तरी होती का. तीन दिवस माझी जीभ थांबली नाही. तिने एका शब्दाने उत्तर दिलं नाही, त्याचाही मला रागच.

"किल्ली..." हे मागून म्हणाले. "किल्ली कशाला बांधली होती?"

"माझ्या कमरेच्या जुडग्यात होती. कुठे असणार?"

"तसं नाही. कशाला... बांधली होती?"

"अहो, गप्प बसा. श्वास पुरवून वापरा."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. भ्रमात बोलताहेत, असं तिच्या डोळ्यांत होतं. यांच्या ओठांचा रंग जांभळाकडे झुकला होता.

तिने चष्म्याला फोन लावला. बोलणं झालं, बॉनेट उघडलं आणि मला म्हणाली, "आई, तुम्ही पुढे बसा. मी हात वर केला की उजवा पाय दाबायचा."

"मी? जन्मात कधी..."

"आई, बसा!"

असा आवाज त्या मुलीने माझ्यावर कधी चढवला नव्हता. बसले. हात वर झाला, पाय दाबला. गाडी नुसती कण्हली. मग तिने फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा हात केला. या वेळी इंजिन असं गरजलं की माझा पाय आपोआप उचलला गेला.

"डबा उघडा असला की ताकद येते," ती ओरडली. "म्हणजे हवा डब्यात यायच्या आधीच अडतेय. या तोंडाकडच्या नळीत काहीतरी आहे."

आणि यांचा किल्लीचा प्रश्न मला कळला.

गाडी फार दिवस उभी राहणार असली की उंदीर शिरू नये म्हणून हे त्या नळीत कापडाचा बोळा कोंबायचे, आणि गाडीची किल्ली सुतळीने त्या बोळ्यालाच बांधायचे. बोळा काढल्याशिवाय किल्ली हातात येणारच नाही. "विसरभोळ्यांचं घर आहे," म्हणायचे. हे दीड महिना इस्पितळात होते तेव्हा बोळा मी कोंबला, अगदी यांच्यासारखा. पण किल्ली? माझ्या घरातली किल्ली बॉनेटखाली सुतळीला लोंबणार? छट्! ती मी जुडग्यात अडकवली, कमरेला.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं.

सूनबाईची बोटं पोहोचेनात. मी पिशवीतून क्रोशाची सुई काढून दिली. तिने ओढून काढला काळाकुट्ट गोळा. उलगडला, तर आत निळी फुलं.

"आई, हा आपल्या उशीचा अभ्रा..."

"माहीत आहे. मीच कोंबलाय. किल्ली त्याला बांधायची असते, ती बांधली नाही. माझं तोंड काय बघतेस? झाकण लाव!"

गाडी चढली. प्रत्येक वळणावर मी मागे पाहत होते आणि प्रत्येक वळणावर यांची मान जरा जास्त खाली.

एक वाजून बारा मिनिटं. सिस्टर दुसऱ्या रुग्णाचं नाव पुकारत होती. आयुष्यात कुणापुढे वाकले नाही ती मी तिच्यासमोर हात जोडून उभी. "बाई, उशीर माझ्यामुळे झाला. यांची काही चूक नाही." तिने यांचे ओठ पाहिले आणि यांची चाकाची खुर्ची आत ढकलली.

दाराबाहेर चार तास. सूनबाईचे हात कोपरापर्यंत काळे. गाडीची किल्ली सवयीने मी परत कमरेच्या जुडग्यात अडकवली होती, ती काढायला गेले, तर कडी उघडेना, नख तुटलं. शेवटी तिनेच काढून दिली आणि माझ्यापुढे धरली.

"ठेव तुझ्याकडे," म्हटलं.

घरघर कमी झाल्यावर आत सोडलं. यांनी एक डोळा उघडला.

"किल्ली?"

"सूनबाईकडे आहे."

"आणि बोळा?"

मी पिशवी उघडून दाखवली. हे हसायला गेले आणि खोकला आला. सिस्टर माझ्यावरच खेकसली.