वरच्या दांड्याची ऐट

मी बोलतोय ट्रॅक्टरच्या पाठीमागून. लोक पुढून बघतात, दिवे आणि बॉनेट पाहून खूश होतात. मागे मी असतो, नांगर जोडायच्या तीन दांड्यांतला वरचा दांडा. कागदोपत्री नाव टॉप लिंक. मधे एक नळी, तिच्या दोन्ही टोकांत आट्यांचे दोन गज. नळी एका बाजूला फिरवली की मी लांब होतो, उलटी फिरवली की आखूड. कर्तृत्व एवढंच, पण नावात 'टॉप' असल्यामुळे मान जन्मापासून ताठ.

माझे आटे पाडणाऱ्या टर्नरने मला हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "हा जरा अडतोय." मी त्याचा अर्थ 'बाणेदार आहे' असा घेतला.

नांगराचं सगळं ओझं खालचे दोन दांडे उचलतात. कधी कुरकुर नाही. जोडताना आधी डावा, मग उजवा, आणि सगळ्यात शेवटी मी. प्रमुख पाहुणा उशिरा येतो म्हणून मला शेवटी लावतात, असा माझा कित्येक वर्षं समज होता.

आमचे मालक लोकांची शेतं नांगरून द्यायचे. चौदा वर्षं त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते ट्रॅक्टर मागे घ्यायचे, आणि मालकीणबाई मागे उभ्या राहून "या, या, अजून जरा... बास!" म्हणत पिना घालायच्या. ग्रीस लावायचं, पुसायचं, हरवलेली पिन गवतातून शोधायची, ते सगळं बाईंकडे. वाकबगार म्हणून नाव मात्र मालकांचं. मला यात काही खटकलं नाही. फुकटचं श्रेय घेण्यात मी तरी कुठे मागे होतो?

मग ते खोडाचं प्रकरण झालं. फाटकाजवळ एक जुनं खोड होतं, ते मालकांना उपटायचं होतं.

"अहो, साखळी खाली लावा, खालच्या हुकाला," बाई म्हणाल्या.

"वरून ओढलं की मुळासकट येतं. तू बाजूला हो."

आणि त्यांनी साखळी माझ्याच पिनेला अडकवली. मी घाबरायला हवं होतं. मी फुगलो. शेवटी कुणीतरी आपली लायकी ओळखली, असं वाटलं.

खोड जागचं हललं नाही. पुढची चाकंच जमीन सोडून वर गेली. नांगर ओढायचा असतो तो खालून. वरून ओढलं की ट्रॅक्टर स्वतःच्याच पाठीवर पडायला बघतो. ही अक्कल मला तेव्हा आली, म्हणजे अगदी वेळेवर!

"क्लच दाबा! अहो, क्लच!" बाई ओरडल्या.

मालकांनी क्लच दाबला. ट्रॅक्टर धाडकन खाली आदळला आणि मालक सीटवरून उडून दगडांवर पडले. नडगीचं हाड मोडलं. माझी फक्त पिन वाकली. त्याची लाज अजून जात नाही.

पायाला प्लास्टर चढलं. आठवड्याने निवृत्त पोस्टमास्तर भेटायला आले. त्यांची पेरणी तोंडावर होती आणि शेत आम्हीच नांगरणार असं ठरलं होतं. इकडचं तिकडचं बोलून ते हळूच म्हणाले, "मी दुसरीकडे बघू का?"

मालकांनी प्लास्टरचा पाय हलवून पाहिला. एकदा तुटलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"परवा सकाळी येते," बाई म्हणाल्या.

"म्हणजे कोण येणार?"

"मी."

बाईंनी अंगणात ट्रॅक्टर पुढेमागे केला होता; नांगर मात्र कधी चालवला नव्हता. त्या दिवशी 'बास' म्हणायला मागे कुणी नव्हतं. सात वेळा चढल्या, सात वेळा उतरल्या. डावा बसला, उजवा बसला. मी दोन बोटं कमी पडलो. त्यात आदळल्यापासून माझे आटे धरलेले.

"मेल्या, तू पण रुसलास?" असं म्हणून त्यांनी माझ्यावर डिझेल ओतलं, पहार घातली आणि अंगाचा भार टाकला. मी फिरलो. माझा बाणेदारपणा तिथे संपला.

पोस्टमास्तरांनी मालकांना गाडीत घालून बांधावर आणलं आणि खुर्चीवर बसवलं. नांगर दोन फाळांचा होता. पहिल्याच तासाला, म्हणजे नांगराच्या पहिल्याच सरीला, इंजिन धापा टाकू लागलं.

"वरचा आखूड कर! आखूड!" खुर्चीतून हुकूम आला.

बाई उतरल्या, तासात उकिडव्या बसल्या आणि वितीने खोली मोजली. पुढचा फाळ वीतभर आणि वर चार बोटं खोल गेला होता. मागचा जेमतेम वीतभर.

"पुढचा जास्त रुततोय. लांब करायला हवा."

"चौदा वर्षं मी..."

"तुम्ही तिकडून सांगताय. मी इथे बसलेय."

मला तीन वेढे लांब केलं. नांगराचं नाक उचललं गेलं. दुसरं तास सरळ, सारख्या खोलीचं निघालं, माती एका अंगावर वळत गेली. मी ऐटीत सांगणार होतो की हे माझ्यामुळे. पण मी तर फक्त फिरलो होतो. किती फिरायचं ते मातीत बसलेल्या बाईंनी ठरवलं होतं.

दुपारी बांधाजवळ ट्रॅक्टर थांबला. मालकांनी प्लास्टरवरची माती झटकली.

"साखळी खाली लावा, म्हणाली होतीस तू."

"हो."

"ऐकायला हवं होतं."

बाईंनी चेहरा पदराने पुसला. "पाणी द्या आधी. अजून अर्धं शेत राहिलंय."

मालकांनी वाकून बाटली उचलली, झाकण उघडलं आणि मगच पुढे केली.

त्याला आता सहा वर्षं झाली. लोक बाईंनाच फोन करतात. माझे आटे झिजले. भार घेण्याजोगा राहिलो नाही, म्हणून माझ्या जागी नवा आला. तोही ताठ आहे. त्यालाही हळूहळू कळेल. मला बाईंनी रोपवाटिका चालवणाऱ्या एका मैत्रिणीला दिलं. तिच्या छोट्या ट्रॅक्टरमागे वाफे सपाट करायची हलकी फळी असते, तेवढी मला झेपते.

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्या आट्यांना ग्रीस लावा आणि त्याच्या नावावर जाऊ नका. बरं, थांबतो आता. रोपवाटिकेवाली येतेय. हातात पाना आहे आणि कपाळावर आठी. डावीकडे फिरवू की उजवीकडे, असं स्वतःशीच पुटपुटतेय. मला उत्तर माहीत आहे. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी गप्प बसणार आहे.