संदर्भ : पान चार

आमच्या घरात एक वर्तमानपत्र कधीच आलं नाही. 'सत्यदीप' त्याचं नाव. वाण्याने शेंगदाण्याची पुडी त्यात बांधून दिली, तरी बाबा शेंगदाणे डब्यात ओतायचे आणि कागद न बघता शेगडीत घालायचे. बाबा म्हणजे शरदचंद्र, अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात टाइमकीपर. असं का करायचे, ते माईने, माझ्या आईने, बाबा गेल्यावर सांगितलं. माईशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं, म्हणून आजोबांनी १९३६ साली त्याच पेपरात नोटीस दिली होती.

त्र्याण्णव साली घराण्याचा कुलवृत्तांत निघणार असं कळलं, तेव्हा माईही गेली होती. बदलापूरला शिरगावात मी एकटी राहत होते. लग्न का नाही केलंस, हे विचारणारंही आता कोणी उरलं नव्हतं. त्या पुस्तकात बाबांचं नाव यावं, एवढंच मला हवं होतं.

समितीचे चिटणीस शंकरराव अंबरनाथला राहत. नात्याने लांबचे काका.

"पुरावा आण, मीनल," ते म्हणाले. "वर्तमानपत्र, तारीख, पान. ऐकीव काही छापत नाही आम्ही."

ठाण्याच्या ग्रंथालयात नोटीस सापडली. हाताने उतरवून घेतली, ग्रंथपालांची सही घेतली आणि मोठ्या तोऱ्यात शंकररावांपुढे ठेवली. 'सर्व लोकांस कळविण्यात येते की, माझा मुलगा शरदचंद्र याचा व माझा काहीएक संबंध राहिलेला नाही.'

"बघा, 'माझा मुलगा' असं आजोबांनीच छापलंय."

"आणि 'संबंध राहिलेला नाही' हेही त्यांनीच छापलंय. त्यांनी तोडलेलं मी कसं जोडू गं?"

चहा तसाच टाकून मी उठले. मग मात्र हट्टालाच पेटले. तोडलेलं आजोबांनी पुढे कधी जोडलं असेल, तर तेही याच पेपरात छापलं असेल. दर शनिवारी ठाणे. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. जाहीर नोटिसा पान चारवर यायच्या, मी तेवढंच पान बघायचे. वाटण्या, दत्तक, नावं बदललेली माणसं, घर सोडून गेलेल्या बायका. दुपारी बाहेरच्या पायरीवर बसून डबा खायचे. दिवसभराचं बोलणं म्हणजे "पुढचा गठ्ठा द्या."

त्रेचाळीसच्या गठ्ठ्यात ते होतं.

'चि. शरदचंद्र यास आशीर्वाद. तुझी आई अंथरुणाला खिळली आहे. झाले गेले विसरून असशील तेथून निघून ये. सूनबाईस व मूल असल्यास त्यासही घेऊन ये. कोणी काही बोलणार नाही.'

खाली आजोबांचं नाव. ओळीने तीन शनिवार छापलं होतं.

त्यांना वाटलं असणार, शरद 'सत्यदीप' वाचतोच, लहानपणापासून वाचत आलाय. आणि इकडे शरद तो शेगडीत घालत होता. मला आजोबांचा नाही, बाबांचा राग आला. अहो, एकदा तरी पुडी उलगडून बघायची होती! मी तिथेच, टेबलावर डोकं ठेवून रडले. तेव्हा मी तीन वर्षांची होते. आजी कशी असते ते मला माहीत नाही.

उल्हासनगरला माझ्या ऑफिससमोर एका सिंधी माणसाचं झेरॉक्सचं दुकान होतं. मी उतरवून आणलेला कागद त्याने काचेवर ठेवण्याआधी वाचला.

"मॅडम, कौन गुम हुआ है?"

"पचास साल हो गए," मी म्हटलं.

"मिला क्या?"

काय सांगणार? मी मान हलवली. त्याने ती कशी घेतली कोण जाणे, पण कॉपी दोनदा काढली, चांगली यावी म्हणून.

शंकररावांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "घेतो नाव," म्हणाले.

"आणि माझं?"

"मुलींची नावं या आवृत्तीत नाहीत गं. कोणाच्याच नाहीत."

ते खरंच होतं, त्यामुळे भांडताही येईना.

पुढच्या वर्षी पुस्तक पोस्टाने आलं. 'शरदचंद्र. पुत्र नाही. शाखा समाप्त. संदर्भ : सत्यदीप, १२ जून १९४३, पान ४.'

शाखा समाप्त, आणि मी चांगली जिवंत, खिडकीशी बसून ते वाचत होते. रविवार होता. कोणाला तरी दाखवावं म्हणून उठले, पण दाखवणार कोणाला? परत येऊन बसले आणि शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. उद्या कोणी हा संदर्भ तपासायला ठाण्याला गेलं, तर पान चारवर त्याला मी सापडेन. 'मूल असल्यास' लिहिलंय ना, ती मी.