अठरा सालची गाडी

अरे, प्रमोदला त्या गाडीचं येडच लागलं होतं, खरं सांगतो! मोठी, काळी, इलायती गाडी, हिंगोलीत अमृतराव ठेकेदाराच्या दारात इकायला उभी. अन् हे पोरगं इकडं आमच्या गोरेगावात मोबाईलवर एकच बघून राहिलं, कोणत्या सालची घ्यावी. कोणी नुसतं इचारलं की सुरू, "सोळाची न्हाई घ्यायची, गिअर अडकतो. सतराची तापते. अठराची घ्या, डोळे झाकून!"

आमी हसायचो. त्याला हसू येत नव्हतं. त्याची बहीण दीक्षा पहिल्या बाळंतपणाला आली तवा कळा सुटल्या अन् हिंगोलीच्या दवाखान्यात नेताना प्रमोदची जुनी जीप सेनगावच्या पुढं बंद पडली. दुसरी गाडी मिळेस्तोवर लेकरू गेलं. आता तिचे पुन्हा दिवस भरत आले होते.

तर गेला तो हिंगोलीला. दीक्षाबी निघाली, पिशवी घेऊन. "मलाच बसायचंय ना तिच्यात? मी बघते की."

अमृतरावांनी चावी दिली. प्रमोदनं चासीच्या नंबरावरून साल काढलं, बराबर अठरा! इंजन चालू केलं, आवाज कसा, लोण्यावाणी. "बघ दीक्षे, म्हणलो होतो का न्हाई?"

दीक्षा पुढं त्याच्या बाजूला बसली, बेल्ट पोटाखालून घेतला. अन् प्रमोदला आठवलं, बेल्टच्या बुडाशी कापडी पट्टी असते, तो कवा बनला ते साल तिच्यावर छापलेलं. वाकून बघितलं. त्याचा अठरा. मागचे अठरा. दीक्षाचा बावीस.

तोंडच उतरलं त्याचं. "काका, हाच बेल्ट काहून बदलला?"

अमृतराव पायरीवर बसले. मग म्हणाले, "टक्कर झाली की बदलावाच लागतो. कळमनुरीच्या रस्त्याला. माझी सून बसली होती तिथं. तुझ्या बहिणीवाणीच होती, दिवस भरलेली."

"वाचली का?" दीक्षानं इचारलं.

"ती वाचली."

लेकराचं कोणी इचारलं न्हाई.

अमृतरावच बोलले, "नको घेऊ पोरा. पुढून पार चेपली होती, रंग मारून उभी केली. सांगणार नव्हतो मी. पण हिला तिथं बसलेली बघितली अन्…"

प्रमोद चावी धरून नुसता उभा. "दुसरी बघतो," म्हणे, "नांदेडला एक हाय, अठराचीच हाय, उद्याच जातो…" बोलतच राहिला, थांबेचना.

दीक्षानं बेल्ट सोडला, दाराला धरून हळूच उतरली.

"दादा, बास. मी गोरेगावला परत येतच न्हाई. रुक्मामावशी हाय ना इथं, दवाखान्याच्या मागं? लेकरू होईस्तोवर तिच्याकडंच राहते."

"अन् गाडी?"

"घे की मग, सावकाश. मला आता गाडी लागतच न्हाई."

प्रमोदला हे सुचलंच नव्हतं, गड्याहो! त्यानं चावी अमृतरावांच्या हातात ठेवली, तिची पिशवी खांद्याला लावली. मावशीचं घर जवळच. दोघं पायीच निघाले. ती दम खायला थांबली की हाबी थांबे, अन् ती निघाली की मगच पाय उचले.