भिकाजीची दवंडी

टीव्हीवर ते गोल चाक फिरत होतं, फिरतच होतं, आणि शेवंतीचं डोकं त्याच्याबरोबर तापत चाललं होतं.

"रे सिद्धेशा, ह्या नुसता फिरता कित्याक? पिक्चर खंय आसा?"

"आये, नेट गेला गो. जरा दम धर."

"दम धरान धरान माझो जीव जातलो! आधी म्हणालंस ॲप होया. मगे म्हणालंस मोबाइलवर नंबर येतलो. तो इलो. आता ह्या चाक इला!"

सिद्धेशने रिमोटचं एक बटण दाबून बघितलं. आज त्याने रिक्षा घरीच ठेवली होती, आणि आई अशी करवादली की गप्प राहावं एवढी अक्कल त्याला वयाने आलेली होती. टीव्ही होता शेजारच्या डोरथीचा. तिचा ॲल्स्टन बोटीवर नोकरीला; त्याने आईसाठी भिंतभर टीव्ही घेऊन दिला होता आणि मिठबावात पकडता येईल तेवढं नेटही. डोरथीने कोकम सरबताचा पेला शेवंतीच्या हातात कोंबला.

"पी गो शेवंते. रागान बीपी चडात, आणि मगे पिक्चर माकाच एकटीक बघूचो लागात."

शेवंतीला सरबत नको होतं, पिक्चरही नको होता. तिला हवा होता आवाज. नवऱ्याचा.

भिकाजी दशावतारात राजपार्ट करायचा. आता ऊठसूट कोणीही मोबाइलवर अख्खं नाटक उतरवून घेतो. भिकाजी मोबाइल घरोघरी यायच्या आधीच गेला. एक कॅसेट होती, तिच्यावर भाच्याने लग्नाची गाणी भरली. त्याबद्दल शेवंतीने त्या भाच्याला अजून माफ केलेलं नाही. फोटो होता, हार घातलेला. चेहरा कुठे जात नव्हता. पण आवाज कानातून उतरत चालला होता. हल्ली ती डोळे मिटून नवऱ्याची हाक आठवायला बघे आणि भलत्याचीच आठवे. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय, कप्पाळ?

आणि परवा सिद्धेश बातमी घेऊन आला, की 'सरकारी ओहोटी' पुन्हा निघाला!

तो सिनेमा एका हुकूमशहावरचा. भरतीने वाड्याच्या पायऱ्या भिजतात म्हणून हे सरकार भरतीवरच बंदी घालतात, आणि रयत बिचारी छातीएवढ्या पाण्यात उभी राहून "ओहोटी आहे, सरकार!" असं ओरडत राहते. मुंबईत लोक पोट धरून हसले म्हणे. ते हसू कोणाला तरी झोंबलं आणि सिनेमाचे डबे गोदामात गेले. मालवणात तो कधी लागलाच नाही. आता पुण्यातल्या लोकांनी ते डबे शोधून, एकेक चित्र पुसून, घरबसल्या बघायची सोय केली होती.

त्याचं शूटिंग झालं मिठबावच्या किनाऱ्यावर, आणि त्यात दवंडीवाला होता भिकाजी. दशावतारात बोलणं कोणी लिहून देत नाही. कथा ठाऊक असते, पुढचं ज्याने त्याने उभ्या उभ्या जुळवायचं. तेव्हा डायरेक्टरने दिलेला कागद भिकाजीने कानाला अडकवला आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरून आपल्या मनची दवंडी दिली. डायरेक्टरने टाळ्या वाजवल्या. शेवंती तेव्हा बाळंतपणाला माहेरी, तिने काही ते बघितलं नाही. पण पुढे घरी पाहुणा आला की भिकाजी ओटीवर उभा राहून ती दवंडी द्यायचाच, आणि दर खेपेला तिला एखादी शेपटी जोडायचा. "पिक्चरात माझो आवाज आसा," असं तो जाईपर्यंत सांगत होता. त्याने तो पिक्चर कधी पाहिला नाही.

चाक थांबलं. चित्र हललं.

"इलो! आये, इलो!" सिद्धेश ओरडला.

समुद्र असा लख्ख की डोरथीने पाय वर घेतले. पाण्यात भिकाजी उभा, तरणाताठा, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा.

"सायबा भोगोस! तुझो घोव कितको बरो दिसता गो!"

शेवंतीने पदर तोंडाशी धरला. भिकाजीने ढोल वाजवला आणि तोंड उघडलं.

"ऐका हो ऐका! सरकारांच्या आज्ञेवरून तमाम रयतेस कळविण्यात येते की..."

आवाज भरदार होता, गोड होता, रेडिओवरच्या बातम्यांसारखा स्वच्छ होता. भिकाजीचा नव्हता. शब्द एकीकडे चालले होते, ओठ दुसरीकडे.

"ह्यो कोण?" शेवंती म्हणाली. "रे, ह्यो कोण बोलता?"

"बाबाच ते..."

"बाबा? तुझो बाबा जन्मात 'कळविण्यात येते' म्हणालो? लाव फोन त्या पुण्याक!"

आईने एकदा मनात घेतलं की सुटका नसे. सिनेमाखाली दिलेल्या नंबरावर सिद्धेशने स्पीकर चालू ठेवून फोन लावला, दोन माणसं ओलांडून तिसरा सापडला, आणि सिद्धेश एकदम सुटाबुटातल्या मराठीवर आला. "सर, माझ्या वडिलांच्या आवाजाविषयी जरा विचारायचं होतं."

माणूस सज्जन निघाला. म्हणाला, "त्यांनी कागदावरची वाक्यं म्हटलीच नव्हती हो. शिवाय बोली सगळ्यांना कळणार नाही, म्हणून दिग्दर्शकांनी तेव्हाच मुंबईत दुसऱ्याकडून आवाज भरून घेतला. आम्ही मूळ होतं तसंच ठेवलंय."

शेवंतीने फोन हिसकावला. "अहो, पण मूळ आवाज यांचा होता! तो कुठे आहे?"

"तो सापडत नाही, आजी. किनाऱ्यावरचा कच्चा आवाज तेव्हा जपून ठेवत नसत. पण त्यांचा चेहरा मात्र आम्ही फार मेहनतीने स्वच्छ केलाय."

"तोंड धुवून दिलंत हो, उपकार झाले! पण जीभ कुठे टाकलीत?"

तो माणूस हळूच म्हणाला, "मला वाईट वाटतं, आजी." त्याला खरंच वाटत असावं. त्याच्यावर चिडण्यातही काही राम उरला नाही. शेवंतीने फोन सिद्धेशकडे दिला.

"सरकाराची टर उडवूक गेले," ती डोरथीला म्हणाली, "आणि माझ्या घोवाचीच वाचा बंद करून इले. तेका कोणी सांगूकसुद्धा नाय! मरासर वाट बघी होतो गो तो." आणि मग इतका वेळ अडवून धरलेलं रडू फुटलं. डोरथीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

सिद्धेशने रिमोट उचलला. "बंद करतंय आये."

"पिक्चर नको. आवाज तेवढो बंद कर. आणि मागे घे, ढोलार."

टीव्ही मुका झाला. भिकाजीने ढोल वाजवला, तोंड उघडलं. शेवंती पुढे वाकून नुसते ओठ बघत राहिली.

"परत घे," ती म्हणाली.

सिद्धेशने परत घेतलं. या वेळी ती उठून उभी राहिली. भिकाजीचे ओठ हलले, आणि त्यांच्याबरोबर शेवंतीने ओटीवरची दवंडी सुरू केली.

"आयका हो आयका! सरकारांनी फर्मायल्यानी, आजपासून दर्याक भरती येवची नाय! इली, तर ती भरती न्हय, सुकती आसा!"

शब्द ओठांवर बसत होते. नेमके बसत होते. डोरथीने क्रूस केला. शेवंतीचा आवाज चिरकला, पण ती मागे पडली नाही.

"कोणाचे पाय भिजले, तर तेणी ते गुपचूप पुसूचे, आणि सरकारांका सांगूचा, पाय सुके आसत!"

भिकाजीचं तोंड मिटलं. शेवंतीचं एक वाक्य अजून राहिलं होतं. मागाहून ओटीवर जोडलेलं असणार. टीव्हीवर भिकाजी गेला आणि पालखीत बसलेले सरकार आले, जरीच्या टोपीत, नाक वर करून.

"आणि जो बुडात," शेवंतीने त्या पालखीकडे बघून ठणकावलं, "तेणी सुक्यानच बुडूचा!"