उत्तर नाही

“तुमचं मशीन बहिरं आहे का हो, काका?” तारमास्तरांच्या मुलीनं दारातूनच विचारलं. तिच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती.

“आत तर ये. मास्तर कसे आहेत?”

“गेले. सोमवारी.”

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ती उभीच राहिली, बसलो मीच.

मास्तर डोंगरापलीकडच्या गावातले. त्यांचा जन्म तारेच्या कडकट्टात गेला, माझा लिफ्ट दुरुस्त करण्यात. हौशी रेडिओच्या नादानं गाठ पडली. बावीस वर्षं रोज सकाळी सातला ते रेडिओवर हाक मारायचे आणि मी ओ द्यायचो. समोरासमोर भेटलो असू दोनदा.

दोन वर्षांपूर्वी मला शहाणपण सुचलं. मी रेडिओ कॉम्प्युटरला जोडला, कॉम्प्युटर इंटरनेटला, आणि फोनवर एक ग्रुप काढला. म्हटलं, लांबलांबच्या हौशी मंडळींनाही आमच्या गप्पांत येता येईल. साठ जण आले. एक औषधांचा दुकानदार आपणहून ॲडमिन झाला. मग रेडिओ लावायचे कष्ट कोण घेतो? सगळे फोनवरूनच हजेरी लावायचे, दिवसभर फुलं पाठवायचे. मीही रेडिओचा आवाज शून्यावर ठेवून फोनवरूनच हजेरी घ्यायचो. रेडिओवर खरे उरले एकटे मास्तर.

महिन्यापूर्वी ते म्हणाले होते, “घशाचं ऑपरेशन आहे. थोडे दिवस सुट्टी द्या.” मी दिली, आणि विसरलो.

“ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला,” मुलगी सांगू लागली. “पण सातच्या ठोक्याला उठून बसायचे. माइकसमोर बझर धरून तारेच्या भाषेत टूं टूं वाजवायचे. मी म्हणायचे, बाबा, पडून राहा. तर पाटीवर लिहून दाखवायचे, ‘लिफ्टवाला ऐकेल. त्याचा कान तिखट आहे.’”

टूं टूं म्हटल्यावर मला सगळं आठवलं.

तो आवाज पहिल्यांदा आला त्या दिवशी इथल्या हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. मी वर मशीनच्या खोलीत होतो, हजेरीला नव्हतो. ॲडमिनचा मेसेज आला, ‘काका, सकाळपासून लाइनवर टूं टूं येतंय. कान किटले. बघा की जरा.’ मी तिथूनच फोनवर दोन बटणं दाबली आणि घरच्या कॉम्प्युटरवर तसला आवाज गाळून टाकणारी चाळणी लावून दिली. वर ग्रुपवर लिहिलं, ‘काम फत्ते.’ एकोणतीस अंगठे आले. मी खूश!

चाळीस वर्षं हाताखालच्या पोरांना ओरडत आलो, लिफ्ट बिघडली की आधी कान लावा, मग पाना लावा. आणि मी गाढवानं त्या दिवशी ऐकलंच नाही. नुसतं वाचलं. एकदा कान दिला असता, तर तिसऱ्या अक्षराला मास्तरांचा हात ओळखला असता.

“तुमचं बोलणं त्यांना ऐकू यायचं, काका,” ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला. “तुम्ही रोज हजेरी घ्यायचात. बाबा ‘हजर’ वाजवायचे, आणि तुम्ही म्हणायचात, ‘मास्तर सुट्टीवर आहेत, पुढचे कोण?’”

तिनं वही माझ्या मांडीवर उघडून ठेवली. एकोणीस ओळी होत्या. तारीख, वेळ सात, रेडिओवरची माझी खूण, म्हणजे मला हाक मारायची अक्षरं, आणि शेवटच्या रकान्यात मास्तरांच्या वळणदार अक्षरात ‘उत्तर नाही’. एकोणीस वेळा तेच. कुठे तक्रार नाही. एखादी शिवी असती तरी मी ती प्रसाद म्हणून घेतली असती.

वही तिथेच ठेवून ती गेली. मी ग्रुपवर बातमी टाकली, तर पाच मिनिटांत त्रेपन्न जोडलेले हात. माझं डोकंच फिरलं. मी इंटरनेटची वायर खसकन उपटली.

लगेच ॲडमिनचा फोन. “काका, लाइन पडली!”

“पडली नाही. मी पाडली.”

“अहो, असं काय करता? मास्तरांना श्रद्धांजली वाहायचीय सगळ्यांना. मी छान फोटो बनवतोय.”

“ज्याला काही वाटत असेल त्यानं उद्या सातला रेडिओवर यावं. माळ्यावरून काढा, धूळ झटका.”

“रेडिओ मी विकला, काका. मागच्याच वर्षी.”

“मग गप्प बसा! तेवढं तरी जमेल ना?” मी फोन आपटला. राग त्याच्यावर नव्हता, पण आरशावर फोन कसा आपटणार?

आमच्या रेडिओवाल्यांत कुणी गेलं, की त्याची खूण तीनदा पुकारतात, आणि मग मिनिटभर कुणीही बोलायचं बटण दाबायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सातला मी रेडिओचा आवाज पूर्ण मोठा केला. मास्तरांची खूण तोंडानं नाही, बझरनं वाजवली. हाताला सवय राहिली नव्हती, दोनदा अडखळलो. तिसऱ्यांदा नीट जमलं. मग हात बाजूला घेतला आणि लिफ्टच्या मोटरला लावतो तसा स्पीकरला कान लावला. नुसती खरखर येत होती. मिनिट संपलं तरी मी ऐकत राहिलो.

मग वही उघडली. विसावी ओळ माझ्या अक्षरात लिहिली. तारीख, वेळ सात, मास्तरांची खूण. शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘उत्तर नाही.’